दोन जावा आणि एक बुरूज

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी धाकटी दिवसभर दवाखान्यात होती. आणि त्याच दिवशी, भर दुपारी, थोरलीनं तिचं गाव जाळलं.

गाव खरं नव्हतं. 'वस्ती' नावाच्या खेळातलं होतं. हा खेळ या दोघी जावांच्या घरातच जन्मला होता. थोरलीनं तो कल्पिला, तिच्या धाकट्या दिरानं, म्हणजे धाकटीच्या नवऱ्यानं, तो संगणकावर उतरवला, आणि आता टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर बसून दहा-बारा माणसं त्यावर पोट भरत होती. खेळ समजायला सोपा. मोकळी जमीन धरायची, दगड खणायचे, लाकूड तोडायचं, घर बांधायचं. मग कुणीतरी येऊन ते फोडायचं आणि आतलं लुटून न्यायचं. तुम्ही जागे असा, झोपलेले असा की कामावर असा, तुमचं घर खेळात उभंच राहतं, आणि कुणीही कुदळ घेऊन भिंतीपाशी येऊ शकतो.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढायची. नंतर ती कंपनीत आली आणि नमुन्याची गावं बांधायचं काम तिच्याकडे आलं. ऑफिसच्या सर्व्हरवर तिनं एक नदीकाठचं गाव उभं केलं होतं. उतरत्या छपरांची घरं, पाणचक्की, दगडी पूल, पुलाखाली होड्या बांधायला कड्या. नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत हेच गाव दाखवायचं ठरलं होतं.

संध्याकाळी सासूबाईंना घरी आणून, त्यांच्या डोळ्यात थेंब घालून ती लॅपटॉप उघडून बसली. पुलाचे नुसते खांब उरले होते. पाणचक्कीचं चाक नदीत आडवं झालं होतं. घरांच्या जागी काळे चौकोन. चौकात एक पाटी रोवलेली होती: 'घरात कुणी आहे का?'

पाटी कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. थोरली 'घार' या नावानं राजरोस खेळायची, अख्ख्या ऑफिसला ते माहीत होतं, आणि घर फोडून झाल्यावर पाटी लावायची खोड तिचीच.

दोन्ही बिऱ्हाडं एकाच इमारतीत होती. खाली सासूबाई आणि धाकटीचं घर, वर थोरलीचं. धाकटी तशीच वर गेली. थोरलीनं दार उघडलं, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला.

"ताई, गाव तुम्ही पाडलंत?"

"हो."

"का?"

"पहारा नव्हता. तिथं कुणी नव्हतंच."

"मी दवाखान्यात होते. तुमच्या सासूबाईंबरोबर."

"आपल्या सासूबाई," थोरली म्हणाली. "आणि तू कुठं होतीस ते खेळ विचारत नाही गं. तीच तर त्यातली गंमत आहे. बाकी डोळा कसा आहे त्यांचा?"

"बघून या की. एकच मजला उतरायचा असतो."

थोरलीनं दार लावून घेतलं. आपटलं नाही. सावकाश लावलं, आणि त्याचाच धाकटीला जास्त राग आला.

त्या रात्री आणि पुढचे काही दिवस ती प्रस्ताव लिहीत बसली. नवऱ्यानं एकदा डोकावून पाहिलं.

"रागाच्या भरात लिहू नकोस," तो म्हणाला.

"राग गेला तर मी लिहिणारच नाही."

"वहिनी तुला फाडून खातील."

"तू मध्ये पडू नकोस म्हणजे झालं. तसा तू कधी पडतोस म्हणा!"

त्यानं डोकं मागे घेतलं. दोघींच्या भांडणात मूग गिळून बसायची कला त्याला चांगलीच साधली होती.

प्रस्ताव होता आपोआप चालणाऱ्या बुरुजांचा. घरमालक नसताना घर राखायला कुणीतरी हवं. म्हणून दगडी बुरूज, वर फिरता धनुष्याचा सांगाडा. टप्प्यात परका माणूस दिसला की बाण. मालक झोपू दे, कामावर जाऊ दे, आजारी पडू दे, बुरूज जागा.

बैठकीची खोली म्हणजे एक जुनं दार आडवं टाकून केलेलं टेबल आणि भोवती एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या. खिडकी उघडली की खालून रबराचा वास यायचा, बंद केली की जीव गुदमरायचा, त्यामुळे ती नेहमी अर्धी उघडी असायची. ऑफिसात थोरलीला सगळे मॅडम म्हणायचे. धाकटीही म्हणायची, पण 'मॅडम'मधला 'मॅ' ती जरा लांबवायची, आणि थोरलीच्या कपाळावर दर वेळी आठी पडायची.

थोरलीनं कागद हातात घेऊन मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. शाळेतली बाई एखाद्या पोराचा निबंध वर्गाला वाचून दाखवते तसं.

"'झोपलेल्या माणसाच्या घरात शिरणं याला खेळ म्हणत नाहीत.' वा. मग काय म्हणतात?"

"चोरी म्हणतात," धाकटी म्हणाली.

"खेळात चोरी असते. खेळात खूनही असतो. तू बुद्धिबळात राजाला विचारून शह देतेस का?"

दोघंतिघं हसले. आवाजाचं काम बघणारा, ज्याला सगळे भोंगा म्हणायचे, तो हसला नाही. तो दिवसातून चार वाक्यंही बोलत नसे, म्हणूनच त्याला ते नाव पडलं होतं.

"मॅडम, लोक खेळ सोडून जातात ते कधी जातात ते बघा," धाकटी म्हणाली. "घर फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. परत येतच नाहीत."

"आणि जे राहतात ते कशासाठी राहतात? छपरं रंगवायला? सकाळी उठून आधी घर शाबूत आहे का ते बघतात, म्हणून राहतात. ती छातीतली धडधड मी केली आहे. सहा वर्षं लागली मला. भीती गेली की खेळ गेला. मग राहील ते बाहुलीघर."

"बाहुलीघर म्हणा. निदान त्यात परत यावंसं तरी वाटेल."

थोरलीनं पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. आता ती मोठ्यांदा वाचत नव्हती. शेवटच्या पानापर्यंत गेली, परत पहिल्यावर आली आणि कागद टेबलावर टाकले.

"घालू या," ती म्हणाली.

धाकटीला ऐकू आलं ते खरं वाटेना.

"एका सर्व्हरवर घालू. जसं लिहिलंय तसंच. एक अक्षर बदलायचं नाही. ऐकलंस ना रे?" हे धाकट्या दिराला.

त्यानं मान डोलावली. बैठक संपली. धाकटी जिन्यानं खाली उतरली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. आपण थोरलीला पाणी पाजलं, असं तिला वाटलं.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवसापासून तक्रारी यायला लागल्या, आणि त्या लुटारूंच्या नव्हत्या. बांधणाऱ्यांच्या होत्या.

झालं असं की ज्याच्याकडे दगड त्यानं बुरूज बांधले. मग शेजाऱ्यानं बांधले. दोघांचे टप्पे एकमेकांवर पडले, आणि स्वतःच्या शेतात जायला निघालेल्या माणसाला शेजाऱ्याचा बाण लागायला लागला. बाजार ओस पडला, कारण बाजाराच्या वाटेवर सतरा बुरूज. हे एक वेळ ठीक. पण मग एका टोळीला शोध लागला की बुरूज आपल्याच जमिनीत बांधायला हवा असं कुठं लिहिलेलंच नाही. एक म्हातारा शिक्षक गेली कित्येक वर्षं त्या सर्व्हरवर एक वाचनालय बांधत होता. तो झोपला असताना टोळीनं त्याच्या घराभोवती बुरुजांचं कडं उभं केलं. सकाळी त्यानं दार उघडलं आणि तो मेला. खेळात मेलेला माणूस आपल्याच घरात परत जिवंत होतो. त्यानं परत दार उघडलं. परत मेला.

पुढच्या बैठकीत थोरलीनं त्याची तक्रार वाचून दाखवली. या वेळी तिनं आवाज अगदी गोड लावला होता.

"'महाशय, सकाळपासून मी फक्त मरतो आहे. दुसरं काहीही मला करता येत नाही. हीच आपली नवी सुधारणा का?'"

सगळे हसले. धाकटीचा नवरासुद्धा खाली बघून हसला. धाकटीचे कान तापले.

"तुम्हाला हे आधीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"दुसऱ्या पानावरच दिसलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस? तू प्रस्ताव घेऊन आली होतीस, सल्ला मागायला नाही." थोरलीनं कागदाची घडी घातली. "माझ्यावरचा राग काढायला तू बुरूज बांधलास. म्हणून तो येईल त्याला मारतो. काढून टाक रे उद्याच्या उद्या." हे पुन्हा धाकट्या दिराला.

धाकटीला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की बोलणं खरं होतं. खोटं असतं तर तिनं तिथंच परत केलं असतं.

घरी सासूबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. धाकटीनं चहाचं आधण ठेवलं, भांडं आपटलं, साखरेचा डबा आपटला.

"डब्यानं काय केलंय तुझं?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही."

"एकीनं बांधायचं, दुसरीनं पाडायचं, आणि पगार दोघींना. चांगलं काम काढलंय तुम्ही. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्हाला भांडण फुकट करावं लागायचं."

"तुम्ही त्यांना काही बोलत का नाही, आई? तुम्ही दवाखान्यात होतात त्या दिवशी—"

"मला त्यात ओढू नका. तुमचं भांडण मला एका डोळ्यानंही दिसतं, पण बाजू घ्यायला दोन्ही डोळे लागतात. दुसरा अजून व्हायचाय." त्यांनी कप पुढे केला. "साखर कमी."

त्या आठवड्यात धाकटीनं एक गोष्ट केली, जी तिनं कुणालाच सांगितली नाही. तिनं नवं नाव घेऊन एका अनोळखी सर्व्हरवर प्रवेश केला, कुदळ घेतली आणि लोकांची घरं फोडायला सुरुवात केली.

पहिलं घर फोडताना तिला चोरट्यासारखं वाटलं. दुसऱ्याच्या वेळी तसं वाटलं नाही. तिसऱ्या घराला मागच्या बाजूला लाकडी खिडकी होती, ती दिसल्याबरोबर तिच्या तोंडून 'अय्या' निघालं. दगडी घर बघितलं की तिचे हात शिवशिवायला लागले. भिंत नुसतीच जाड असली तर कंटाळा यायचा. घर अगदीच उघडं असलं तरी कंटाळा यायचा, नुसतं आत जायचं, घ्यायचं आणि निघायचं. मजा कुठं यायची, तर कुत्रा बांधलेला असला, मालक कुठल्याही क्षणी येईल अशी शंका असली, पळायला वाट एकच असली तर. एका दुपारी तिनं एका बाईचं कौलारू घर फोडलं. काम झाल्यावर ती थांबली. आत भिंतीवर त्या बाईनं रंगीत दगडांची नक्षी केली होती, अर्धीच झाली होती. धाकटीनं लुटलेलं सगळं परत पेटीत ठेवलं. तरीही भिंतीला भोक पडलेलंच होतं. ते तिनं बुजवायचा प्रयत्न केला, पण तिच्याकडे त्या रंगाचा दगड नव्हता.

आपल्याला यात मजा आली, याची तिला किळस आली. पण आता लुटारूला काय हवं असतं, ते तिला कळलं होतं. त्याला भिंत नको असते, आणि मोकळं मैदानही नको असतं.

तिनं दुसरा प्रस्ताव लिहिला. बुरूज फक्त आपल्या हद्दीत बांधायचा. रस्त्यानं जाणाऱ्याला बुरूज काही करणार नाही. भिंतीला जो इजा करेल त्याच्यावरच बाण सुटेल. बाण सुटण्याआधी धनुष्याच्या सांगाड्याची चाकं करकरतील, म्हणजे लुटारूला आडोसा घ्यायला क्षणभर मिळेल. बुरुजाला तेल लागेल. घरातले सगळे बुरूज एकाच टाकीतून तेल पितील, त्यामुळे दहा बुरूज बांधले तर टाकी दहापट लवकर रिकामी होईल. तेल संपलं की बुरूज म्हणजे नुसता दगड. आणि सगळ्यात शेवटी: 'ज्या घरात कुणालाच शिरता येत नाही, ते या खेळात नको. पण शिरणाऱ्यानं त्याची काहीतरी किंमत मोजली पाहिजे.'

थोरलीनं कागदाला हातही लावला नाही.

"एकदा तोंडावर पडलीस, पुरे झालं."

"वाचा तरी, मॅऽडम."

"मला वेळ नाही."

"मग खेळून बघा," धाकटी म्हणाली. "मी घर बांधते. चार बुरूज. तुम्ही फोडा. सगळ्यांसमोर, दुपारी, जेवणानंतर."

थोरलीनं मान वर केली. फोडायचं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत चमक आली, तिला ती लपवता आली नाही.

"आणि मी आत शिरले तर हे बुरुजाचं खूळ कायमचं बंद."

"नाही. तुम्हाला शिरता आलं नाही तर बंद. तुम्हालाच शिरता येत नसेल तर लोकांनी काय करायचं? शिरा. पण जेवढं गमवाल त्याहून जास्त घेऊन बाहेर या. तसं जमलं तर मी पुन्हा बुरुजाचं नाव काढणार नाही."

"ही कसली पैज? शिरले तरी मी हरणार?"

"शिरून बघा."

दुपारी सगळं ऑफिस थोरलीच्या खुर्चीमागे गोळा झालं. भोंगा आवाज तपासायला म्हणून कानाला हेडफोन लावून शेजारी बसला. धाकटीनं टेकडीवर एक दगडी गोदाम बांधलं होतं, चार कोपऱ्यांना नवऱ्याकडून तात्पुरते करून घेतलेले नव्या नियमांचे चार बुरूज, खाली पाच-सहा घरांचं छोटं गाव. नियमाप्रमाणे ती खेळाबाहेर गेली आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकली.

घार घोड्यावरून आली. थोरलीनं लांबूनच टेकडीला फेरी मारली, मग थेट गोदामाच्या भिंतीला कुदळ लावली. वर चाकं करकरली. ती हसली, जागची हलली नाही. पहिला बाण चिलखतात घुसला, दुसरा घोड्याला लागला. घोडा पडला. मागे कुणीतरी 'अरेरे' केलं.

"गप्प बसा," थोरली म्हणाली. ती आता पुढे वाकून बसली होती.

तिनं खडकामागे आडोसा घेतला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग ती उठली आणि सरळ जंगलाकडे चालू लागली. सगळ्यांना वाटलं, तिनं नांगी टाकली. धाकटीलाही क्षणभर तसंच वाटलं.

थोरली परत आली ती धावत, आणि तिच्यामागे रानडुकरांचा कळप. डुकरांना दगड मारून मारून तिनं पिसाळवलं होतं. भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली, आणि डुकरं अंगावर आली तशी शेवटच्या क्षणी बाजूला झाली. डुकरांनी भिंतीला धडक दिली. भिंतीला इजा झाली. नियमाप्रमाणे बुरूज डुकरांवर सुटले.

"ओहो!" धाकटीचा नवरा स्वतःला विसरून ओरडला.

चारही बुरूज बाण सोडत होते. डुकरं पडत होती, थोरली नवी आणत होती. टेबलाखाली तिचा पाय लहान मुलीसारखा हलत होता. दोनदा ती मरता मरता वाचली, एकदा तिची ढाल गेली, भाले तर केव्हाच संपले होते. शेवटी वरच्या चाकांचा आवाज बदलला. कोरडा झाला. भोंग्यानं बोट वर केलं. "तेल संपलं," तो म्हणाला. ते त्याचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य होतं.

थोरलीनं भिंत फोडली आणि ती आत शिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या टाळ्या होत्या त्या. धाकटीनंही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

गोदामात तांब्याच्या लगडी होत्या. ठीकठाक माल. पण घोडा गेला होता, चिलखत फाटलं होतं, ढाल आणि भाले गेले होते, अर्धी दुपार गेली होती. कुणी हिशेब मांडला नाही. समोर दिसतच होतं.

थोरलीला तिथंच थांबता आलं असतं. लगडी उचलून ती निघून गेली असती तर त्या दिवशी तिचंच कौतुक झालं असतं. पण तिनं मागे वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. बहुधा समाधान असावं. थोरलीनं मशाल पेटवली आणि गोदामाला लावली. मग टेकडी उतरून खालच्या घरांना लावली. पहिलं घर, दुसरं, तिसरं. त्या घरांत काहीच नव्हतं. तिथं लुटण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. चौथ्या घराच्या अंगणात एक शेळी बांधलेली होती.

हसणं थांबलं. खालच्या दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, तेवढाच आवाज.

"मॅडम," भोंगा म्हणाला, "आता पुरे की."

"जाळणं नियमात बसतं."

"बसतं. पण मला हा आवाज आता ऐकायचा नाहीये." त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तो चहाला गेला. त्याच्यामागे दुसरा गेला. मग एकेक करत सगळे. धाकटीचा नवरा दाराशी घुटमळला, दोघींकडे आळीपाळीनं बघून तोही सटकला.

थोरली पडद्याकडे बघत बसली. आग शेवटच्या घरापर्यंत पोचली होती.

"मजा आली ना?" धाकटीनं विचारलं.

"कसली?"

"डुकरं आणलीत तेव्हा. तुमचा पाय हलत होता."

"तुझ्या बुरुजांमुळे नाही."

"बुरुजांमुळेच. माझं नदीकाठचं गाव जाळलंत त्या दिवशी नव्हता हलला तुमचा पाय. मी तिथं नव्हते, पण पैजेवर सांगते."

थोरलीनं खुर्ची फिरवली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज थंड होता. "तू फार शहाणी झालीस."

"तुमच्याच हाताखाली."

"जा इथून."

"हे माझंही ऑफिस आहे," धाकटी म्हणाली, पण ती गेली.

बुरूज खेळात आले. कुणी काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या नवऱ्यानं कामाला सुरुवात केली आणि थोरलीनं त्याला थांबवलं नाही, एवढंच. फक्त डुकरं टिकवायची, असं तिनं त्याच्याकडून निरोप पाठवून सांगितलं. धाकटीनं उलट निरोप पाठवला, की डुकरं काढायचा विचार तिच्या डोक्यातही नव्हता.

लोकांना बुरूज आवडले. सगळ्यांना नाही. काही जुने लुटारू शिव्या घालून निघून गेले, काही बांधणाऱ्यांना तेल गोळा करायचा कंटाळा आला. पण सकाळी घर फुटलेलं पाहून कायमचे जाणारे कमी झाले, आणि डुकरांच्या जागी कुणी मेंढ्या वापरल्या, कुणी टेकडीवरून ओंडके सोडले. म्हातारा शिक्षक परत आला. त्यानं लिहिलं: 'महाशय, काल मला लुटलं. चांगलं लुटलं.'

मग एका वाहिनीनं थोरलीची मुलाखत घेतली. धाकटीनं ती सासूबाईंच्या शेजारी बसून पाहिली. मुलाखतकारानं बुरुजांबद्दल विचारलं. थोरली प्रसन्न हसली. "मी पहिल्यापासून म्हणत आले आहे," ती म्हणाली, "की झोपलेल्या खेळाडूलाही एक संधी मिळायला हवी."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. सासूबाईंनी चष्मा काढून पडद्याकडे निरखून पाहिलं.

"खोटं बोलतेय का गं ती?"

"धडधडीत."

"दिसतंय. डोळा चांगला झालाय माझा."

त्या रात्री थोरली खाली जेवायला आली होती. तिचा नवरा कामासाठी परगावी असला की ती खालीच जेवायची, एवढा रिवाज भांडणातही मोडला नव्हता. सासूबाई मध्ये बसल्या होत्या.

"मुलाखत छान झाली, मॅडम," धाकटी वाढताना म्हणाली.

घरात ती कधी मॅडम म्हणत नसे. थोरलीचा घास हातातच राहिला.

"घरात ताई म्हणायचं."

"ताईंशी माझं बोलणं नाही सध्या. मॅडमशी कामापुरतं आहे."

"नाव हवंय का तुला? आधी बोलायचंस. पुढच्या वेळी घेईन तुझं नाव."

"तुम्ही विचारलंत?" धाकटी म्हणाली.

थोरलीनं घास खाल्ला. धाकटीच्या नवऱ्यानं पाण्याचा जग उचलला, तो रिकामा होता, तरी तो घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि जेवण संपेपर्यंत बाहेर आला नाही.

धाकटीनं ऑफिसात वेगळी खोली मागितली आणि तिला ती मिळाली, टायरच्या जुन्या सामानाची, बिनखिडकीची. दोघींचं बोलणं बंद ते बंदच राहिलं. काम मात्र चाललं. निरोप्याचं काम करून करून धाकटीचा नवरा वाळला.

बऱ्याच आठवड्यांनी एका सकाळी थोरली स्वतः त्या खोलीच्या दारात आली. हातात कागद होते. तिनं ते धाकटीच्या टेबलावर ठेवले.

"काय आहे?"

"भुयारं. बुरुजांच्या खालून जायला. वाचून सांग."

"सल्ला मागताय?"

थोरलीच्या जबड्याचा स्नायू हलला. "प्रस्ताव देतेय," ती म्हणाली आणि निघून गेली.

धाकटीनं ठरवलं होतं की दुपारपर्यंत हात लावायचा नाही. थोरलीच्या पावलांचा आवाज थांबल्याबरोबर तिनं पहिलं पान उलटलं. चांगलं होतं. चांगलंच होतं, ते तिला नाकारता येईना, आणि त्यामुळे सकाळीसकाळीच तिचं डोकं फिरलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग तिला सापडलं. भुयारात पाणी शिरलं तर काय होईल, याचा थोरलीनं विचारच केला नव्हता. नदीकाठच्या घराखाली भुयार खणलं तर खणणारा तर बुडेलच, वरचं अख्खं गाव खचेल.

तिनं लाल पेन उचललं आणि समासात लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता ती थांबली. हे लिहून कळवायचं, की एक अक्षर न बदलता एका सर्व्हरवर घालू द्यायचं?

बाहेरच्या खोलीत थोरली कुणावर तरी ओरडत होती. धाकटीनं क्षणभर ते ऐकलं, मग पेनाचं टोपण दातांत धरून ती पुढचं वाक्य लिहायला लागली. अक्षर मोठं काढलं, म्हणजे भर बैठकीत मोठ्यांदा वाचून दाखवताना अडखळायला नको.